गवळणीतली मावशी आणि पुण्यातला ड्रॅग शो

हा एपिसोड ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरा वाटतो, त्यांच्यासाठी इथे लिहून काढतोय.

मी मूळचा माढ्याचा. पुण्यात कोडिंग करतो. गेल्या वर्षी ऑफिसातल्या मित्रांनी एका पबमध्ये ड्रॅग शोला नेलं. ड्रॅग म्हणजे साधारणपणे पुरुषाने बाईचा वेश करून, भरपूर मेकअप करून सादर केलेला कार्यक्रम. सगळे म्हणत होते, "हे अमेरिकेतलं, आपल्याकडे आत्ता आलंय." मी मात्र स्टेजवरच्या त्या कलाकाराकडे बघतच राहिलो. कमरेवर हात, पदराचा झटका, मधेच पब्लिकला टोमणा. अरे, ही तर आमची मावशी!

तमाशात आधी गण, मग गवळण. गवळणी मथुरेच्या बाजाराला निघतात, कृष्ण आणि पेंद्या वाट अडवतात, आणि गवळणींच्या पुढे असते मावशी. ही मावशी म्हणजे लुगडं नेसलेला पुरुष. आजही. माझे एक मामा गावच्या हौशी फडात ही मावशी करायचे, तेही मिशी न काढता. आमच्याच तालुक्यातलं मोडनिंब लावणीच्या कला केंद्रांसाठी प्रसिद्ध, त्यामुळे ढोलकी आमच्याकडे कुणाला नवी नाही.

मुळात तमाशात बायका नव्हत्याच तेव्हा नाचायला पोरंच असायची. पुढे पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळा आली आणि गाजली. संगीत नाटकात तेच. बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस (1888-1967), स्त्री भूमिका करायचे आणि घरंदाज बायका त्यांच्यासारखी साडी नेसायच्या. आजच्या भाषेत फॅशन इन्फ्लुएन्सर! सिनेमात तर अजून भारी. फाळक्यांच्या 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'मधली तारामती म्हणजे अण्णा साळुंके. 1917 च्या 'लंका दहन'मध्ये राम पण तेच आणि सीता पण तेच.

पण गंमत बघा. बालगंधर्वांना 1964 ला पद्मभूषण मिळालं, आणि 'नाच्या' ही मात्र शिवी झाली. कोल्हापूरचे गणपत पाटील आठवतात? जुन्या तमाशापटांतला "आत्ता गं बया" म्हणणारा नाच्या. बायकापोरं असलेला माणूस, पण लोकांनी पडद्यावरचं सोंगच खरं धरलं. टोमणे त्यांच्या घरच्यांनीही सोसले. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव 'रंगलो नारी'. 'नटरंग' (2010) तुम्ही पाहिलाच असेल. त्यातल्या पैलवान गुणाचे हाल वेगळे नाहीत. माझ्या मते फरक कलेचा नव्हता. एकाला शहरी नाट्यगृह मिळालं, दुसऱ्याला कनात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. बाईचा वेश करणारा प्रत्येकजण गे किंवा ट्रान्सजेंडर नसतो. आणि असला, तरी ती शिवी कशी काय होते? 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाने कलम 377 बाबत निकाल दिला आणि सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा राहिले नाहीत. त्याआधीही मुंबईत पार्ट्या व्हायच्या, पण दबकत. लावणीतही पुरुष उघडपणे उतरले. मुंबईतला 'बिन बायकांचा तमाशा' हा शो नावातच सगळं सांगतो.

आता माझं. सातवीत गॅदरिंगला मी लावणीवर नाचलो. वन्स मोअर मिळाला. दुसऱ्या दिवसापासून वर्गात मी 'नाच्या'. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "फडात मावशी करतो तो तुझा मामा ना?" मी म्हणालो, "नाही." नंतर यात्रेत मामा समोरून आले, तेव्हा मी मित्रांच्या मागे लपलो. त्यांनी पाहिलं होतं. बोलले काहीच नाहीत.

त्या पबमधून बाहेर पडून रात्री साडेअकराला मामांना फोन लावला. सगळं सांगितलं, लपल्याचं पण. ते जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "ती मावशी करणारं पोरगं, लाजत नव्हतं ना?"

"नाही मामा. फुल्ल कॉन्फिडन्स."

"आन पब्लिक?"

"उभं राहून टाळ्या."

"मग झालं की," म्हणाले, आणि दिवाळीला कधी येतोस ते विचारायला लागले.