काळ्या मातीची देवघेव

ओतूरच्या शिवारांत उन्हाळ्यांत काळ्या रानाला रुंद भेगा पडतात आणि पावसाळ्यांत त्या आपोआप मिटतात. एकाच मातीनें असें आकसावें व फुगावें, ह्याचें मर्म कशांत आहे?

दख्खनचा बेसाल्ट खडक झिजून ही माती बनली. तिच्यांतील माँटमोरिलोनाइट हें खनिज अभ्रकाप्रमाणें पापुद्र्यांचें असतें. पापुद्र्यांच्या मध्यें पाणी शिरलें कीं माती फुगते, निघून गेलें कीं आकसते. शिवाय पापुद्र्यांवर ऋण विद्युद्भार असल्यामुळें कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादींचे धनभारित कण, म्हणजे आयन, त्यांस चिकटून राहतात. परंतु हें बंधन कायमचें नव्हे. दुसरे आयन आले कीं अदलाबदल होते. इ. स. १८५० मध्यें वे ह्या इंग्रज रसायनज्ञानें दाखविलें कीं, अमोनियम सल्फेटचें पाणी मातींतून गाळलें असतां अमोनियम मातींत राहतें व त्याच्या बदल्यांत कॅल्शियम बाहेर पडतें. कांद्याला दिलेलें अमोनियम पाण्याबरोबर लगेच वाहून जात नाहीं, तें ह्याच देवघेवीमुळें.

हीच देवघेव कधीं घातकही ठरते. विहिरीच्या पाण्यांत सोडियम अधिक असेल, तर तें हळूहळू कॅल्शियमची जागा बळकावतें. त्याचें प्रमाण शेंकडा पंधराच्या पुढें गेलें कीं मातीचे कण विस्कटतात, छिद्रें बुजतात व पाणी मुरत नाहीं. अशा जमिनीस शेतकरी ‘चोपण’ म्हणतात. तेथें जिप्सम घातल्यास त्यांतील कॅल्शियम सोडियमला हुसकून लावतें. मात्र सुटलेलें सोडियम वाहून नेण्यास निचऱ्याचे चर व गोडें पाणी हवें. म्हणून पीक पिवळें पडण्याची वाट न पाहतां माती व पाणी दोन्ही आधींच तपासून घेणें शहाणपणाचें.