माझं एकुलतं एक दुकान

कॉलेजात असताना दिवाळीच्या सुट्टीत मी साताऱ्याहून पुण्याला मावशीकडे जायची. मावशीची माया एकीकडे आणि बाजीराव रोडवरचं चितळे बंधूंचं दुकान एकीकडे! दुपारी एकच्या आत पोहोचायचं, नाहीतर शटर खाली. मग बसा चारपर्यंत. परतताना एसटीत मांडीवर बाकरवडीचा पुडा. घरी आई प्रत्येकाला मोजून चार द्यायची. डेक्कनलाही त्यांचं दुकान आहे, असं मावशी सांगायची. पण माझ्या लेखी दुकान एकच.

लग्न होऊन सांगलीला आले. पहिल्या दिवाळीला मोठ्या कौतुकानं तोच पुडा आणला, तर सासूबाई हसायलाच लागल्या. "अगं, हे चितळे आपल्या भिलवडीचे. दूध रोज त्यांचंच घेतोय की आपण!"

दोन वर्षांपूर्वी मुलीच्या नोकरीसाठी मुंबईला गेले, तर तिथेही तीच पाटी. काचेचं दार, आत एसी, आणि भर दुपारी दुकान उघडं! "आई, ही फ्रँचायझी असते. नाव त्यांचं, माल त्यांचा, दुकान चालवणारा दुसरा," मुलीनं समजावलं. मैत्रिणींनो, हसू नका, पण माझं काहीतरी हरवलं असं वाटलं. बाकरवडी घेतली. चव तीच होती, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

घरी येऊन सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी मग मुळापासून सुरुवात केली. भास्कर गणेश चितळे मूळचे साताऱ्याजवळच्या लिंब-गोव्याचे. १९३९ मध्ये ते भिलवडीला आले. इथे कृष्णाकाठ होता, दूध होतं आणि दूध बाहेर पाठवायला रेल्वे होती. मुलगा रघुनाथराव पुण्याला गेले आणि १९५० मध्ये तिथलं दुकान सुरू झालं. भाऊ राजाभाऊही सोबतीला आले. बाकरवडी तर आली सत्तरच्या दशकात. पुढे मागणी इतकी वाढली, की ती यंत्रावर करावी लागली.

मी ऐकतच राहिले. आधी सातारा, मग सांगली. हा तर माझाच रस्ता! ते लिंबहून हललेच नसते, तर पुण्याच्या रांगेत मी उभी कशाला राहिले असते?

आणि मग मला आमच्या गटातल्या एका ताई आठवल्या.

आमच्या बचत गटाचं पिठलं-भाकरीचं छोटं केंद्र आहे. शेंगदाण्याच्या चटणीसाठी लोक लांबून येतात. ती चटणी त्या ताईंची. मुंबईला जायच्या वर्षभर आधी त्यांनी विचारलं होतं, "साताऱ्यात माझी बहीण असंच केंद्र काढायचं म्हणतीय. चटणी इथनं देऊ का?" मी ठाम नाही म्हटलं. चव जाईल, नाव जाईल, आपलं ते आपल्याच गावात शोभतं, असं बरंच बोलले. बी. ए. झालेल्या बाईचं म्हणणं म्हणून सगळ्या गप्प बसल्या. बहिणीला मिळणारा गाळा दुसऱ्याला गेला. ती वर्षभर लोकांच्या घरी पोळ्या लाटत राहिली.

मी ताईंच्या घरी गेले. "माझं चुकलं," म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत, चहा टाकला. मग म्हणाल्या, "आता बघू या की परत."

बघायला सहा महिने लागले. पहिली अडचण ताईंच्या हाताची! "अंदाजानं मीठ घालते" हे कागदावर कसं लिहायचं? शेवटी त्या घालत गेल्या आणि मी प्रत्येक मूठ वजनकाट्यावर धरत गेले. पहिला डबा साताऱ्याला गेला तो खारट झाला. तिखटाची नवी पूड वापरली होती आणि तिच्यात आधीच मीठ होतं. बहिणीनं फोनवर चांगलंच सुनावलं. आता मिरच्या आम्हीच दळून आणतो.

गेल्या महिन्यात माहेरी गेले होते, तेव्हा त्या केंद्रावर मुद्दाम जेवायला बसले. शेजारी कॉलेजच्या दोन मुली होत्या. एक दुसरीला सांगत होती, "चटणी खाऊन बघ. ही फक्त इथंच मिळते हं, दुसरीकडं कुठंच नाही."

मी भाकरीचा तुकडा मोडला आणि गप्प बसले.