कोरमंगलाची लक्ष्मीदेवी : वेशीसाठी प्राण देणारी सून

बेंगळुरूच्या आग्नेय भागातील कोरमंगला ही वसाहत आज नव्या उद्योगांसाठी ओळखली जाते. 'फ्लिपकार्ट' कंपनीचा प्रारंभ २००७ साली येथील एका सदनिकेतून झाला. याच वसाहतीतील लक्ष्मीदेवीच्या स्थानाचा संबंध मात्र थेट बेंगळुरूच्या स्थापनेशी जोडला जातो.

विजयनगर साम्राज्याचे मांडलिक केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये मातीचा कोट बांधून हे नगर वसविले. आख्यायिकेनुसार, कोटाचा दक्षिण दरवाजा दिवसा उभारला जाई आणि रात्री कोसळे. गर्भवती स्त्रीचा बळी दिल्याखेरीज दरवाजा टिकणार नाही, असे ज्योतिषांनी सांगितले. केंपेगौडांनी त्यास नकार दिला. तेव्हा त्यांची गर्भवती सून लक्ष्मम्मा हिने रात्री एकटीने दरवाजापाशी जाऊन स्वतःचा बळी दिला. दरवाजा उभा राहिला आणि केंपेगौडांनी सुनेच्या स्मरणार्थ कोरमंगला येथे मंदिर बांधले, असे सांगितले जाते.

ही कथा लोकपरंपरेतून आलेली असून ती एकाकी नाही. कर्नाटकातील 'केरेगे हार' या लोकगीतात तळ्याला पाणी लागावे म्हणून भागीरथी नावाच्या सुनेला अर्पण केले जाते. महाराष्ट्रात पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाच्या पायात मुलगा आणि सून यांना गाडल्याची कथा प्रसिद्ध आहे. बळीसाठी निवड बहुधा सुनेचीच होते, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. तिने 'स्वेच्छेने' प्राण दिले, असे कथा सांगते. तिचे म्हणणे मात्र कोठेही नोंदलेले नाही.

जपानमध्ये अशा बळीला 'हितोबाशिरा', म्हणजे मानवी खांब, असे म्हणतात. १५७६ मध्ये बांधलेल्या मारुओका किल्ल्याविषयीची आख्यायिका या संदर्भात लक्षणीय आहे. एका डोळ्याने अंध असलेली ओशिझु ही गरीब विधवा, मुलाला सामुराई करण्याच्या वचनावर पायात गाडून घेण्यास तयार झाली. ते वचन पाळले गेले नाही. तिचे स्मारक आजही किल्ल्याच्या आवारात आहे. अन्यायाने मृत्यू आलेल्यांचे आत्मे कोपतात आणि पूजेने ते रक्षणकर्ते होतात, ही धारणा शिंतो परंपरेत रूढ आहे. क्योतो शहरातील कितानो तेनमांगू हे मंदिर याच धारणेतून, ९०३ साली निर्वासनात मृत्यू पावलेल्या सुगावारा नो मिचिझाने या विद्वानासाठी उभे राहिले. आपल्याकडील वेशीवरच्या देवतांमागेही काही ठिकाणी असेच मृत्यू सांगितले जातात.

बेंगळुरू १६३८ मध्ये विजापूरकरांच्या ताब्यात गेले आणि पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत आले. हैदर अलीने १७६१ पासून केंपेगौडांचा मातीचा किल्ला दगडात बांधून काढला. त्यातीलही आज थोडाच भाग आणि उत्तरेकडील दिल्ली दरवाजा शिल्लक आहे.