गंधकाचा पूल आणि डीएनएवरील पकड

पावसाळ्यात कांदिवलीतल्या चाळींच्या खिडक्यांचे गज गंजतात. लोखंडाचे ऑक्सिडीकरण झाले, असे आपण म्हणतो. ऑक्सिडीकरण म्हणजे नासधूस, असा त्यामुळे आपला समज होतो. परंतु सजीव पेशीत हीच क्रिया धोक्याची घंटाही वाजवते. कशी, ते पाहू.

जखम धुण्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड तुम्ही औषधांच्या दुकानात पाहिले असेल. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंना मारण्यासाठी तेच रसायन तयार करतात. आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जीवाणूजवळ मात्र त्यासाठी एक पहारेकरी असतो. त्याचे नाव ऑक्सिआर. बर्कली येथील ब्रूस एम्स यांच्या प्रयोगशाळेने त्याच्या जनुकाचे कार्य १९८५ मध्ये प्रकाशात आणले.

ऑक्सिआर हे ३०५ अमीनो आम्लांचे प्रथिन आहे. त्यातील १९९ व्या आणि २०८ व्या जागी सिस्टीन हे गंधकयुक्त आम्ल असते. एरवी हे दोन सिस्टीन सुमारे १.७ नॅनोमीटर दूर असतात; म्हणजे अणूंच्या मापाने बरेच लांब. पेरॉक्साइड १९९ व्या जागेवरील गंधकाचे ऑक्सिडीकरण करते. मग तो गंधक २०८ व्या जागेवरील गंधकाशी जोडला जातो. दोघांमध्ये पूल तयार होतो आणि त्या भागाची घडीच बदलते. केसांना बळकटी देणारे पूलही याच जातीचे! ऑक्सिआरच्या या दोन्ही रूपांची रचना कोरियातील शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केली.

घडी बदलली की डीएनएवरील पकडही बदलते. डीएनएच्या पिळावर मोठ्या खाचा असतात. ऑक्सिआरचे चार रेणू एकत्र येऊन त्या खाचांत बसतात. पूल नसताना ते शेजारच्या दोन खाचा धरतात, मध्ये एक वेढा सोडतात आणि पुढच्या दोन खाचा धरतात. पूल झाला की सलग चार खाचा धरतात. अशी पकड बसली की जनुकाची नक्कल करणाऱ्या एन्झाइमला तेथे काम सुरू करणे सोपे जाते. मग पेरॉक्साइडचे पाणी व ऑक्सिजन करणारे कॅटलेज हे एन्झाइम भराभर तयार होते. ग्लुटारेडॉक्सिन हे प्रथिनही बनते. ते गंधकाचा पूल तोडते आणि घंटा थांबते. म्हणजे घंटा थांबविणाऱ्यालाही घंटेनेच बोलावलेले असते!

क्षयाच्या जीवाणूत मात्र ऑक्सिआरचे जनुक मोडलेले आहे. ते काम करीत नाही. तरीही त्याच्याजवळ कॅटजी नावाचे कॅटलेज आहे. आयसोनियाझिड हे क्षयाचे औषध पोटात घेताना निष्क्रिय असते. कॅटजीच त्याला जीवाणूच्या आत मारक बनवते. जीवाणूची ढाल येथे आपल्या कामी येते. पण कॅटजीचे जनुक बिघडलेल्या जीवाणूवर हे औषध चालत नाही. १९९२ मध्ये हे कळले. मुंबईसारख्या क्षयग्रस्त शहरात औषध न जुमानणारा क्षय ही मोठी चिंता आहे. म्हणूनच पेशीतील ऑक्सिडीकरणाचा अभ्यास आपल्या आरोग्याशी थेट जोडलेला आहे.