समुद्रतळाचे प्राणी बरणीत भरून का ठेवतात?

'मत्स्य ६०००' पाणबुडी, खोल समुद्रातलं खाणकाम, तळाशी पडलेले निकेल-कोबाल्टचे गोळे... गेल्या काही वर्षांत यातलं काही ना काही तुमच्या फीडवर येऊन गेलं असेल. या चर्चेत एक साधा प्रश्न मागे पडतो. तिथं खाली राहतं कोण? आणि उद्या ते नाहीसं झालं, तर ते कधीकाळी होतं हे सिद्ध कसं करणार?

त्यासाठी पुरावा लागतो आणि हा पुरावा बरण्यांमध्ये असतो. जगातल्या अनेक संग्रहालयांत आणि संशोधन संस्थांत समुद्रतळावरचे पाठीचा कणा नसलेले प्राणी अल्कोहोलमध्ये जपून ठेवलेले आहेत. समुद्रकाकडी, तारामासे, शंख-शिंपले, खेकडे आणि गाळात राहणारे असंख्य किडे.

हे नमुने गोळा कसे करतात?

जहाजावरून एक यंत्र केबलनं खाली सोडतात. ते तळाच्या गाळाचा चौकोनी तुकडा कापून वर आणतं. हा गाळ बारीक चाळणीतून धुतला की चाळणीवर जीव उरतात. त्यातले बरेचसे काही मिलिमीटरचेच असतात, त्यामुळे पुढचे कित्येक महिने कुणीतरी मायक्रोस्कोपखाली ते वेगळे करत बसतं.

पूर्वी नमुने फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचे. त्यात शरीराचा आकार टिकतो, पण डीएनए खराब होतो. म्हणून आता डीएनए तपासायचा असेल तर थंड इथेनॉल वापरतात. बरणीत एक चिठ्ठी असते. त्यावर जागा, खोली आणि तारीख असते. साधी शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून ती पेन्सिलीनं किंवा न विरघळणाऱ्या शाईनं लिहितात. ही चिठ्ठी हरवली तर बरणीतल्या किड्याचा विज्ञानाला फारसा उपयोग उरत नाही.

जुन्या बरण्या कशाला हव्यात?

याचं माझं आवडतं उदाहरण स्कॉटलंडच्या पश्चिमेचं आहे. तिथल्या रॉकॉल ट्रफ भागात सुमारे २,००० मीटर खोलीवरून १९७६ ते २०१५ या काळात तारामासे आणि त्यांचे भाऊबंद गोळा केले गेले. पुढे संशोधकांनी त्यांची पोटं तपासली. जवळपास ४५ टक्के प्राण्यांच्या पोटात मायक्रोप्लास्टिक निघालं. आणि ते १९७६ च्या नमुन्यांतही होतं! ते प्राणी पकडले तेव्हा हा प्रश्न कुणाच्या डोक्यातही नव्हता.

दुसरं कारण नावाचं. नवी प्रजाती जाहीर करताना एक नमुना 'होलोटाइप' म्हणून ठरवतात. ते नाव नेमकं कुणाचं, असा वाद झाला की शेवटी त्याच नमुन्याकडे जावं लागतं. तो नष्ट झाला तर? २०१८ मध्ये रिओ दि जानेरोच्या राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागली, तेव्हा काही कर्मचारी जळत्या इमारतीत शिरले आणि शंख-शिंपल्यांचे असे नमुने बाहेर काढले. सगळे अर्थातच वाचले नाहीत.

आता खाणकामाकडे येऊ. हवाई आणि मेक्सिकोच्या दरम्यान क्लॅरियन-क्लिपर्टन नावाचा प्रचंड पट्टा आहे. खाणकाम कंपन्यांचा डोळा त्यावरच आहे. २०२३ च्या एका अभ्यासानुसार तिथून ५,५७८ प्रजाती नोंदल्या गेल्यात आणि त्यातल्या सुमारे ९० टक्क्यांना अजून शास्त्रीय नावच नाही. नाव नसलेली प्रजाती धोक्यात असलेल्यांच्या यादीतही येत नाही. शिवाय तिथली जखम लवकर भरत नाही. पेरूजवळच्या समुद्रात १९८९ मध्ये प्रयोग म्हणून तळ नांगरला होता, त्याचे चरे २६ वर्षांनंतरही तसेच दिसत होते.

भारताचं काय?

गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजानं जानेवारी १९८१ मध्ये हिंद महासागरातून असे धातूंचे गोळे वर आणले होते. आज मध्य हिंद महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात शोध घेण्याचा हक्क भारताकडे आहे. फक्त शोधाचा, खाणकामाचा नाही.

तळाच्या जीवांसाठी कोचीत 'भवसागर' नावाचं केंद्र आहे. तिथं ओळख पटवलेले ३,५०० हून अधिक नमुने आहेत. २०२५ मध्ये सरकारनं खोल समुद्रातल्या जीवांचं राष्ट्रीय भांडार म्हणून त्याला दर्जा दिला. जैवविविधता कायद्यानुसार, कुणाला नवी प्रजाती सापडली तर ती अशा भांडाराला कळवावी लागते आणि तिचा नमुनाही तिथं जमा करावा लागतो.