वितळजोडाचे यंत्र जुळविताना

लोखंडाचे दोन जोड शेजारी शेजारी ठेवले, तर पाहणाऱ्यास ते सारखेच दिसतात. तरीही त्यांतील एक पुष्कळ वर्षे भार पेलतो आणि दुसरा पहिल्याच धक्क्यास उकलतो, असे घडू शकते. पहिल्यात दोन्ही तुकड्यांच्या कडा वितळून एकजीव झालेल्या असतात. दुसऱ्यात वितळलेला धातू मेण ओघळावे तसा केवळ वर बसलेला असतो. गच्चीचा कठडा, शाळेचा झोपाळा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा आकडा अशा वस्तूंवर माणसांचे जीव अवलंबून असतात. म्हणून वेल्डिंगचे यंत्र नीट जुळविणे हे या कामातील पहिले कर्तव्य होय.

या यंत्रातील मूळ क्रिया सोपी आहे. रॉडचे टोक लोखंडास टेकवून किंचित उचलले, की मधल्या फटीतून विजेची कमान पेटते. तिची उष्णता कित्येक हजार अंश असते. पोलाद सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळते. रशियातील स्लाव्यानोव्ह यांनी १८८८ साली धातूचाच रॉड वितळवून जोड भरून दाखविला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी रॉडवर लेप चढविला. हा लेप जळताना वायूचे आवरण निर्माण होते आणि जोडावर मळीचे कवच बसते. त्यामुळे तप्त धातूचा हवेशी संबंध येत नाही.

आता प्रश्न असा, की प्रवाह किती ठेवावा? कारागिरांचा एक ढोबळ हिशेब आहे: रॉडच्या आतील तारेची जाडी मिलिमीटरमध्ये घ्यावी आणि दर मिलिमीटरास सुमारे ४० अँपिअर धरावेत. अडीच मिलिमीटरच्या रॉडला साधारण ६० ते ९०, सव्वातीनच्या आसपासच्या रॉडला ९० ते १३० आणि चार मिलिमीटरच्या रॉडला १४० ते १८० अँपिअर लागतात. नेमकी मर्यादा रॉडच्या पुड्यावर छापलेली असते. तीच प्रमाण मानावी. प्रथम मधला आकडा ठेवून टाकाऊ तुकड्यावर एक रेघ ओढून पाहावी. उभ्या किंवा डोक्यावरच्या जोडास प्रवाह थोडा कमी करावा, म्हणजे धातू ओघळत नाही.

प्रवाह कमी असेल, तर रॉड वारंवार चिकटतो आणि जोडाची वरंबी अरुंद व उंच बसते. प्रवाह जास्त असेल, तर ठिणग्या फार उडतात, रॉड लाल होतो आणि जोडाच्या कडेला चर पडते. तीच चर पुढे तडा जाण्याची जागा ठरते. प्रवाह योग्य असला, की कढईत भजी तळताना व्हावा तसा एकसारखा चरचर आवाज येतो.

साध्या रॉडच्या यंत्रावर दाबाची खुंटी बहुधा नसते. कमानीचा दाब हात ठरवितो. रॉडचे टोक जितके दूर, तितकी कमान लांब आणि दाब अधिक. तारेच्या जाडीइतके अंतर राखले, म्हणजे पुरे.

यंत्र एसी प्रवाहाचे असेल, तर त्यावर चालणाराच रॉड निवडावा. डीसी यंत्रात धन आणि ऋण अशी दोन टोके असतात. लेपाचा रॉड धन टोकास जोडला, तर सामान्यतः जोड खोल जातो. ऋण टोकास जोडला, तर कमी खोल जातो आणि पातळ पत्र्यास भोक पडण्याची भीती कमी होते. येथेही पुड्यावरील सूचनाच अखेरची.

हल्लीच्या इन्व्हर्टर यंत्रांवर आणखी काही खुंट्या असतात. ‘हॉट स्टार्ट’ कमान पेटताना क्षणभर जादा प्रवाह देतो. ‘आर्क फोर्स’ कमान फार आखूड होऊ लागताच प्रवाह वाढवून रॉड चिकटू देत नाही. पातळ पत्र्यावर दोन्ही कमी ठेवावीत. तेच यंत्र ‘मिग’वर लावले, तर हिशेब बदलतो: तारेचा वेग वाढविला, की प्रवाह वाढतो, आणि दाब मात्र वेगळ्या खुंटीने ठरवावा लागतो. रॉडसाठी लावलेले यंत्र तसेच ठेवून मिगचे काम आरंभू नये.

जुळवणी अचूक असूनही जोड बिघडतो, त्याची कारणे बहुधा साधी असतात. अर्थिंगचा चिमटा गंजावर किंवा रंगावर लावलेला असतो. तेथे लोखंड घासून स्वच्छ करावे. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात रॉडच्या लेपात ओल शिरते आणि जोडात छिद्रे पडतात. अल्पहायड्रोजन रॉड ओला असल्यास तडेही जातात. असे रॉड कोरडे करूनच वापरावेत. रॉड न टेकवलेल्या यंत्रावर ५० ते ९० व्होल्ट दाब असू शकतो; ओल्या हातमोज्यांनी वा पाण्यात उभे राहून काम करणे जिवावर बेतते.

कमानीतील अतिनील किरणे डोळ्यांस भाजतात. वेदना काही तासांनी, बहुधा रात्री सुरू होते आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते. नेहमीच्या रॉडकामास १० किंवा ११ क्रमांकाची काच हवी. उन्हाचा चष्मा उपयोगी नाही. जवळ उभ्या असलेल्या मुलांसाठी पडदा लावावा.

खरे काम हाती घेण्यापूर्वी त्याच जाडीचे दोन टाकाऊ तुकडे जोडावेत, शेगड्यात धरून हातोड्याने मोडावेत आणि आतला भाग पाहावा. कडा पूर्ण वितळलेल्या असल्या, तर तोच आकडा यंत्राशेजारी खडूने लिहून ठेवावा.