लोखंडी मिशा

भाच्याने जीप घेतली आणि पुढे लोखंडी बंपर हवा म्हणून हट्ट धरला. "मामा, गॅरेजवाला पाइप वाकवून स्वस्तात करून देतो. गाडीला ओरखडासुद्धा नाही!"

मी म्हटले, "अरे, पण धक्का कुणाला?" गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चुरगळणारा केलेला असतो, धडकेचा जोर तो गिळतो. पाइपाचा सांगाडा थेट चॅसिसला जखडला, की तो जोर आत बसलेल्या मुलाबाळांपर्यंत पोचतो. एअरबॅगचीही वेळ चुकू शकते. आणि समोरच्या पादचाऱ्याचे काय? म्हणून तर डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना अशा बारांवर कारवाई करण्यास कळवले.

आडवाटेचे दगड बहुधा खालूनच लागतात. भाच्याने इंजिनाखाली जाड पत्रा बसवला. मिशांवाचून जीप शोभते, वाचकहो!